सारवलेल्या पडवीतल्या तीन रेघा

मी एक जुना पांगुळगाडा आहे, आणि बेलापुरात एके काळी माझ्यावर चोरासारखी पाळत असायची. मित्रांनो, तीन चाकं, धरायला एक दांडा आणि बाभळीचं अंग, एवढाच माझा ऐवज. भिमाजी सुतारानं मला लंकाबाईच्या सहादेवसाठी घडवलं. तो पळायला लागला तशी लंकाबाईनं मला शेजारच्या मनकर्णाच्या मुक्तासाठी दिलं. आमच्याकडे पांगुळगाडा असाच घरोघर फिरतो.

मुक्ता महिनाभरात चालायला शिकली आणि मला विसरली. वाईट वाटलं नाही. विसरलं जाणं हीच आमची शाबासकी. पण एकाहत्तरच्या दिवाळीनंतर, दीड वर्षांची ती पोर थोड्याशा तापाचं निमित्त होऊन डगमगू लागली. बसल्या जागी तोल जायचा, हातातली वाटी सांडायची. मला पुन्हा कोपऱ्यातून काढलं. तिनं दांडा धरला की हात झटके द्यायचे, आणि मी कधी उंबऱ्यावर तर कधी रांजणावर आदळायचो.

तिच्या आजीनं, साळूबाईंनी, पहिला ठपका माझ्यावर ठेवला. "चाकच वाकडं हाय ह्याचं. लंकीनं मुद्दाम दिला."

मनकर्णा नगरच्या कॉलेजात शिकलेली. दृष्टबिष्ट ती मानत नव्हती, पण संशय तिला सगळ्यांचाच यायचा. तापात टोचलेल्या सुईचा, दुधाचा, लंकाबाईच्या हसण्याचा, आणि माझा. तिनं मला उचलून भिमाजीपुढे उलटं केलं. चाकं फिरवून तो म्हणाला, "वहिनी, चाक सरळ हाय. पोरीला दाखवा कुणाला तरी."

त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा? तिनं पडवी शेणानं सारवली आणि ओल्या जमिनीवर सहादेवकडून मला ढकलून घेतलं. तीन सरळ रेघा उमटल्या. मग मुक्ताला उभं केलं. रेघा वळवळत गेल्या, एकमेकींना कापत भिंतीला जाऊन थडकल्या.

लंकाबाई दारातून बघत होती. "झाली का चौकशी? आता माझ्या पोराचं पायबी तपासून घ्या की!"

मनकर्णा लेकीसमोर खाली बसली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. मुक्ताचे डोळे ठरत नव्हते. इकडे, तिकडे, वर, खाली, उथळ पाण्यातल्या माशांसारखे सैरावैरा पळत होते. दुपारी ती झोपल्यावर मनकर्णानं तिच्या पापणीवर हलकेच बोट ठेवलं. झोपेतही आत हालचाल चालूच होती.

गावातले डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. श्रीरामपूरचे म्हणाले फिट्स. मनकर्णाला दोन्ही पटेना. तिनं त्या रेघा कागदावर उतरवल्या आणि नगरला मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. परत आली तेव्हा घरात जे बोलणं झालं, ते मी कोपऱ्यातून ऐकलं.

"डोळं नाचत्यात पोरीचं, अन् फोटो छातीचा काढायचा?" साळूबाई कडाडल्या. "त्याला तरी काय कळतंय का?"

"मीही तेच विचारलं, आत्याबाई. म्हणाले, क्वचित अशा मुलांच्या छातीत नाहीतर पोटात मज्जातंतूंची गाठ असते. कर्करोगाची. गाठीमुळे डोळे का नाचतात, ते त्यांनाही पुरतं ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणाले, म्हणूनच मला ते खरे वाटले."

फोटोत गाठ निघाली, पाठीच्या कण्याला चिकटलेली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती काढली. दीड महिन्यांनी मुक्ता घरी आली, पण डोळे नाचतच होते. मनकर्णाला वाटलं, गाठ आत राहिली असणार, आपल्याला सांगत नाहीत. डॉक्टरांनी समजावलं की गाठ गेली तरी हा विकार मागे राहतो, त्यावर स्टेरॉईडच्या गोळ्या बरेच महिने द्याव्या लागतील, आणि मनानं बंद करायच्या नाहीत.

दर आठवड्याला पडवी सारवायची आणि मुक्तानं मला ढकलायचं, असा नेमच पडला. दीड-दोन महिन्यांत रेघा सरळ व्हायला लागल्या. पण मुक्ताचं तोंड गोल झालं, भूक वाढली, चिडचिड वाढली. साळूबाई खूश. "बाळसं धरलं माझ्या बाईनं!"

"ही सूज आहे," मनकर्णा म्हणायची, आणि गोळीकडे बघत राहायची. आता संशयाची पाळी गोळीची होती. एके सकाळी तिनं गोळीचे दोन तुकडे केले. एक मधात कालवला, दुसरा चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मला कुठे तोंड आहे?

दहा दिवसांनी साळूबाई पडवीत थबकल्या. "मनकर्णे, गाडा पुन्हा वाकडा चाललाय."

"चाक ढिलं झालं असेल, आत्याबाई."

मित्रांनो, हा घाव मला खोल लागला. साळूबाई खाली बसल्या. मला आडवं केलं, तिन्ही चाकं एकेक करून फिरवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "चाक सरळ हाय. गोळीचं काय केलंस?"

मनकर्णा रडली आणि सगळं सांगून मोकळी झाली. साळूबाई एवढंच म्हणाल्या, "ऊठ. यष्टी गाठ." त्याच दिवशी तिनं नगरच्या डॉक्टरांना खरं ते सांगितलं. बोलणी खाल्ली. गोळी पुन्हा पुरती सुरू झाली, आणि पुढे त्यांच्याच सांगण्यानं कणाकणानं कमी होत सुटली.

आता मुक्ता बालवाडीत जाते. बोलायला उशीर लागला, पाटीवरचं अक्षर अजून थरथरतं, पण ती पळते. मी माळ्यावर होतो. वाळवी लागायच्या आत कुणी खाली काढावं, एवढीच इच्छा होती. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला तेलाचं बोट लावा. आणि मूल डगमगलं तर खुशाल सगळ्यांवर संशय घ्या, माझ्यावरसुद्धा. फक्त माझ्यापाशी थांबू नका, आणि तपासताना स्वतःचा हात वगळू नका.

परवा लंकाबाई धाकट्यासाठी मला मागायला आली. साळूबाईंनी चाकांत तेल सोडलं आणि मला तिच्या हाती दिलं.

"चाक सरळ हाय, लंके," त्या म्हणाल्या. "ध्यान पोरावर ठेव."