सात कोरे कागद

बाळाला कडेवर घेऊन नव्या लेखापाल बाईंच्या कचेरीचा जिना चढताना ती पुन्हा पुन्हा पिशवीतलं पत्र चाचपत होती. पत्र कर खात्याचं होतं. तुमच्या खेळण्यांच्या कारखान्याच्या विवरणातले आकडे जुळत नाहीत, शुक्रवारपर्यंत सनदी लेखापालाच्या सहीनिशी खुलासा द्या, नाहीतर परवाना स्थगित. कारखाना कसला, घरामागची एक खोली, चार शिलाई यंत्रं आणि त्यांवर पोट असलेल्या चार बायका.

आठ वर्षं हे सगळं शिक्केकाका बघत. सासऱ्यांचे मित्र, खिशात कायम रबरी शिक्का, म्हणून शिक्केकाका. त्यांची सनद कुणी पाहिली नव्हती. काल तिने विषय काढला, तर सासूबाई फणकारल्या, "उद्या मलाही लग्नाचा दाखला मागशील!"

पण तिला खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. बाळंतपणाआधी काका म्हणाले होते, "पोरी, तान्हं घेऊन हेलपाटे कशाला घालतेस? दहा कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेव." सुजलेल्या पायांवर उभी राहून तिने त्या केल्या. वर आभारही मानले. हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

लेखापाल बाई पिकल्या केसांच्या, मोठ्या चष्म्याच्या. त्यांनी भिंतीवरच्या सनदेकडे बोट केलं. "आधी माझा नंबर सनदी लेखापालांच्या संस्थेच्या यादीत तपासा. मग बसा."

तिने फोनवर तपासला. नाव, फोटो, सगळं बरोबर. मग तिला काय वाटलं कोण जाणे, जुन्या विवरणावरच्या शिक्क्यातला नंबर टाकला. भलतंच नाव आलं. पुढे लिहिलं होतं, निधन, अकरा वर्षांपूर्वी.

तिने नंबर पुन्हा टाकून पाहिला. तेच. बाळ मात्र पत्राचा कोपरा चघळत होतं.

"मला माहीत असावं असं आणखी काही?" बाईंनी विचारलं. "कुठे सह्या वगैरे दिल्यात?"

"नाही," ती पटकन म्हणाली.

"ठीक. मागाहून एखादा कागद निघाला, तर मी अडकेन आणि तुम्ही बुडाल, एवढंच."

ती उठलीच. "आलेच मी," म्हणत बाळाला घेऊन जिना उतरली आणि तडक काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, माझे कागद द्या."

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कपाट उघडलं. तिने उभ्या उभ्या मोजले. सात.

"आणि तीन?"

"तुझ्याच विवरणांना लावले गं. देवाशपथ."

"शिक्का कुणाचा आहे?"

काका खुर्चीत बसले. "आमच्या साहेबांचा. मी त्यांचा कारकून. परीक्षा दोनदा दिली पोरी, दोनदा..." त्यांनी खिशातला शिक्का मुठीत गच्च धरला. "घरी सांगू नकोस."

तिला वाटलं होतं, आपण ओरडू. पण समोरचा माणूस आपल्याइतकाच घाबरलेला पाहून ती जास्तच घाबरली. वचन न देताच तिने कागद पिशवीत कोंबले. निघाली.

लेखापाल बाईंच्या टेबलावर तिने गठ्ठा ठेवला. "मी खोटं बोलले. दहा होते. तीन गेलेत."

आता बाहेर काढतील, असं वाटून तिने बाळाला घट्ट धरलं. बाईंनी एकेका कागदावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं, सातही वेळा. मग काकांविषयी सगळं विचारून खुलासा लिहायला घेतला. तीन पानं छापून आली, तसा तिचा हात सवयीने पेनाकडे गेला.

बाईंनी पेन उचलून घेतलं. "बाळ द्या इकडे. आधी वाचा."

दुसऱ्याच ओळीत काकांचं पूर्ण नाव होतं. तिचं बोट तिथे थांबलं. "हे... घालायलाच हवं?"

"खरं असेल तर घालायला हवं. खोटं असेल तर आत्ता खोडते."

तिला सासूबाईंचा चेहरा आठवला. मग त्या चार बायका.

"खरं आहे," ती म्हणाली. "पण परवाना वाचेल ना?"

"वाचेलच असं मी आत्ता सांगितलं, तर माझ्यात आणि त्या शिक्क्यात फरक काय?"

बाळाने बाईंचा चष्मा ओढून काढला होता आणि त्या डोळे बारीक करून त्याला म्हणत होत्या, "अरे लबाडा, आईला वाचू दे."

तिने बोट तिसऱ्या ओळीवर सरकवलं.