येळवशीचे पिंजरे

वनमालाताईंनी पिंजऱ्याचं दार उचललं, तरी आतला उंदीर जागचा हलेना. पाठीवर पिवळा ठिपका, मिशांना सणाच्या कालवणाची, भज्जीची, लपेट.

"निघा आता, महाराज," त्या म्हणाल्या.

"आवं ताई, काय करालाव?" कडब्याच्या खोपीतून बनाबाई धावत आली. "मालकानं पहाटं उठून लावलंत पिंजरं! तुमचं काम आडू न्हाय म्हणून म्या भज्जी घातली आत!"

बनाबाईचं तरी काय चुकलं? आधी रंगवून सोडलेल्या उंदरांपैकी किती पुन्हा सापडतात, यावरच सगळा अभ्यास, हे ताईंनीच तिला घोकवलं होतं. उद्या विद्यापीठाची जीप ताईंना न्यायला येणार. आजची पकड गेली की वर्षाची मेहनत पाण्यात. पण आज होती येळवस, वेळ अमावस्या. घरोघरचं जेवण रानात, आणि येईल त्याला आग्रहानं पंगतीत बसवायचं. पिंजरे लावायचे नाहीत, हे सांगायचं मात्र ताई विसरल्या होत्या.

तेर गावच्या याच रानात, याच सणाला, त्या एकदा धाय मोकलून रडल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळानंतर ज्वारी पहिल्यांदाच डोक्याएवढी झाली होती. उंदीर धरायचे, रंगवायचे आणि सोडून द्यायचे, हे शहाणपण बघायला गाव लोटायचं. "आगं, ही उंदरांसंगं रंगपंचमी खेळती!" म्हणून बाया पदराआड हसायच्या. ताई तेव्हा नव्या, राग नाकावर. येळवशीच्या सकाळी येऊन बघतात तर सगळे पिंजरे उघडे, आणि बनाबाईची सासू जाईबाई त्यांत बाजरीचे उकडलेले गोळे, उंडे, ठेवत चाललेली.

"मावशी, काय केलंत हे! माझं सगळं बुडालं!"

"फुडल्या साली धर की. येळवशीला घास दाखवून कुणाला कोंडू न्हाय, पोरी."

"अहो, उंदीर आहेत ते! तुमचंच पीक खातात!"

"खात्यात. आमीबी त्येंचं खाल्लंय. दुष्काळात लेकरं भुकंनं निजंनात, तवा ह्याच बांधाची बिळं उकरली म्या. पसापसा जुंधळं निघालं, त्यावर जगलाव. त्येंची पिल्लं काय खातील, ह्ये त्या दिशी इचारलं न्हाय."

मग म्हातारीनं ताईंच्या हातावर एक उंडा ठेवला. रडत रडत त्यांनी तो खाल्ला. तशी चव पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि यंदा खोपीत जाईबाईही नव्हती. ताईंना तिची फार आठवण येत होती.

आंबिलीचं गाडगं घेऊन बनाबाईचा नवरा गोरोबा बांधावरून आला. उघडे पिंजरे बघून तो चकित झाला.

"ताई, वर्स वाया गेलं की वो!"

"जाऊ दे, गोरोबा. तुझ्या आईची रीत आहे." आणि जाईबाईचे शब्द ताईंनी त्याला जसेच्या तसे सांगितले.

गोरोबानं गाडगं खाली ठेवलं.

"आई तर म्हणायची, जुंधळं सोसायटीनं दिलं," तो हळूच म्हणाला. "लई ग्वाड लागायचं."

बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

लिंबाखाली शेवटचा पिंजरा उरला होता. ताई तिकडं निघाल्या, तसा गोरोबानं हात आडवा केला.

"तुमी ऱ्हाऊ द्या."

त्यानं खोपीतून एक उंडा आणला, उकिडवं बसून पिंजऱ्यापुढं ठेवला आणि मग दार उचललं.