सात नंबरच्या फ्लॉपीवरचा पंधरावा फोटो

मी एक जुनी फ्लॉपी आहे. तळहाताएवढी, काळी, चौकोनी, पाठीवर निळ्या शाईने सात आकडा घातलेली. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. आमच्या काळी संगणकातली चित्रं आणि पत्रं एका घरून दुसऱ्या घरी न्यायची तर ती आमच्याच पोटात घालून न्यावी लागत. पोट लहानसंच, चांगले फोटो पंधरा-वीस मावले तर मावले. पण त्याच पोटात एकदा एका बाईचा जीव अडकला होता. ती हकीकत आज सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. आम्ही दहा बहिणी एका खोक्यात बसून बंगळुरात आलो आणि १९९८ साली मल्लेश्वरममध्ये उल्हासअण्णांनी ते खोकं फोडलं, एवढं मात्र पक्कं आठवतं. अण्णा सरकारी टेलिफोन कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेतल्या लेकीने त्यांना एक कॅमेरा पाठवला होता. त्यात रिळाऐवजी फ्लॉपी घालायची आणि फोटो तिच्यावर उमटायचा. दुसरा कोणी असता तर तो कपाटात ठेवून पाहुण्यांपुढे मिरवला असता. अण्णांनी दहा माणसं जमवली आणि क्लब काढला. कॅमेरा एक, माणसं दहा, फ्लॉप्या दहा. मी कस्तुरीच्या वाट्याला आले. माझ्या पाठीवरचा आकडा तिच्याच हातचा.

कस्तुरीच्या घराण्याची तिसरी पिढी बंगळुरात. ती बसवनगुडीच्या शाळेत पहिलीच्या मुलांना कन्नड शिकवी. क्लबमध्ये तीच सगळ्यात नवखी होती. तिचा हात हले, बोट काचेवर येई, आणि संगणकाच्या कंपन्यांतली चटपटीत पोरं शेजारी बसली की तिचा आवाज बसे.

क्लबची रीत मोठी छान होती. बाहेर गेलं की कॅमेरा ज्याच्या हाती येईल त्याने आपली फ्लॉपी घालून वीस मिनिटं फोटो काढायचे. मग चार निवडून अण्णांच्या संगणकावर चढवायचे आणि ते कसे काढले, उजेड कुठून होता, काय चुकलं, हे एका कागदावर लिहायचं. ते फोटो, ते कागद आणि क्लबच्या बातम्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून घरोघर फिरत, मल्लेश्वरमपासून पार महादेवपुऱ्यापर्यंत. बाकीच्या फोटोंना मात्र थारा नव्हता. अण्णांनी भिंतीवर नियमच लावला होता: चार चांगले ठेवा, बाकी पुसा. आणि दुसरा: फ्लॉपी हाती आली की आधी कोरी करा. एकदा कोणाच्या तरी फ्लॉपीवरून संगणकात रोग शिरला होता, तेव्हापासून हे सोवळं. मला तेव्हाही ते जरा जास्तच वाटे, पण फ्लॉपीला कोण विचारतो?

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारपासून दोन-तीन दिवस बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते. कडलेकाई परिषे म्हणतात तिला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भुईमुगाच्या शेंगांच्या राशी, आणि माणसांचा नुसता लोट. क्लब सोमवारी सकाळीच तिथे पोचला. महादेवपुऱ्यातल्या कंपनीत काम करणारा नागपूरचा उपेंद्र या वेळी आपल्या आईलाही घेऊन आला होता. सोयराबाई त्यांचं नाव. सत्तरीच्या, हिरवं नऊवारी लुगडं नेसलेल्या. वऱ्हाडीशिवाय दुसरं अक्षर येत नव्हतं, आणि बंगळुरात येऊन त्यांना पंधराच दिवस झाले होते.

अकराच्या सुमाराला कॅमेरा कस्तुरीकडे आला आणि मी आत गेले. तिने पंधरा फोटो काढले. त्यांतले अकरा हललेले, तिरके, नाहीतर अंगठा आलेले. साडेअकराला उपेंद्रच्या लक्षात आलं की आई दिसत नाही. बाराला सगळे धावत होते. चारपर्यंत पोलिसांत तक्रार झाली. सोयराबाईंच्या बीपीच्या गोळ्यांची पुडी उपेंद्रच्याच खिशात होती, आणि त्यांना स्वतःचा पत्ताही सांगता येणार नव्हता.

संध्याकाळी अण्णांनी सगळ्यांना बजावलं, "प्रत्येकाने आपापले सगळे फोटो माझ्या संगणकावर दाखवा. एखाद्यात आई दिसल्या तर कुठे होत्या ते तरी कळेल."

सगळ्यांनी दाखवले. पण सवयीने आपापले चार चांगलेच दाखवले! कस्तुरीनेही चारच दाखवले. बाकीचे अकरा त्या पोरांसमोर उघडायची तिला लाज वाटली, आणि त्या धुरकट फोटोंत काय असणार असंही तिला वाटलं. त्या चाळीस सुबक फोटोंत सोयराबाई कुठेच नव्हत्या. मी पुसायच्या फ्लॉप्यांच्या डब्यात वरच पडले.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, पण माझ्यावर लिहिलेलं मला पाठ असतं. माझ्या पंधराव्या फोटोत, शेंगांच्या राशीमागे, सोयराबाई होत्या. हे मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. ती रात्र मी त्या डब्यात कशी काढली ते माझं मला ठाऊक.

मंगळवारी सकाळी उपेंद्र अण्णांकडे आला. डोळे तांबारलेले, सदरा कालचाच. पोलिसांनी सांगितलं होतं, फोटोची पत्रकं छापून वाटा. आईचा अलीकडचा फोटो त्याच्याकडे नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या त्याच्या लग्नाचा एक सापडला. त्यातून आईचा चेहरा त्याने स्कॅनरवर घेतला आणि छापखान्यात न्यायला डब्यातली वरची फ्लॉपी उचलली. ती मी होते.

यंत्रात जाताच मी जमेल तेवढी खरखर केली. त्याने ऐकली नाही. ऐकली असती तरी काय कळणार होतं? त्याने आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम: आधी कोरी करा. घाई होती म्हणून त्याने झटपट कोरी करायचं बटण दाबलं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडून टाकावी तसं झालं. पानं जागच्या जागी होती, पण कुठे काय आहे ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. मग त्याने आईचा चेहरा माझ्यावर उतरवायला घेतला. पहिलं पान गेलं, दुसरं गेलं, सहावं, सातवं. आईच्याच चेहऱ्याखाली आईचा माग बुजत होता आणि बुजवणारा हात लेकाचा होता. मी इतकी कधीच घाबरले नव्हते. सातव्या पानाशी तो चेहरा संपला.

छापखान्यात पत्रकाचा कन्नड मजकूर लिहायला कस्तुरी आली होती. तिने मला उपेंद्रच्या हातात पाहिलं आणि जागीच थबकली.

"हा तर माझा सात नंबर. यातले फोटो कुठे आहेत?"

"कोरी केली ना. का?"

"यात अजून अकरा होते, उपेंद्र. खराब होते म्हणून मी काल दाखवलेच नाहीत."

"दाखवले नाहीत?" त्याचा आवाज चढला. "ताई, काल अण्णांनी क्लिअरली सांगितलं होतं, सगळे दाखवा! माझी आई मिसिंग आहे आणि तुम्हाला तुमच्या इज्जतीची पडली?"

कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण आता उभं राहू नका. अण्णांकडे चला." बाहेर येऊन तिने रिक्षा थांबवली आणि कन्नडमध्ये काहीतरी भराभर सांगितलं. रिक्षावाला "सरी अक्का, सरी", म्हणजे बरं ताई, बरं, म्हणत सुटला. वाटेत उपेंद्र एकच वाक्य पुटपुटत होता: "मीच पुसलं. माझ्याच हातानं पुसलं."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कोपऱ्यातली बारकी खिटी सरकवली, म्हणजे आता माझ्यावर कोणालाही काही लिहिता येणार नव्हतं.

"झटपटच केलीस ना? मग मागचे काही सापडतील. पुढच्यांचं काही खरं नाही," ते म्हणाले.

त्यांच्याकडे हरवलेलं शोधून काढायचा एक प्रोग्रॅम होता. एक ते सात फोटो गेलेच होते. आठव्यात नुसत्या शेंगा. नवव्यात कस्तुरीचा अंगठा. दहाव्यात कोणाची तरी पाठ. अकरा, बारा, तेरा. प्रत्येक फोटो उघडला की उपेंद्र पुढे वाके आणि पुन्हा मागे बसे. चौदाव्यात बैलाचं शिंग.

"एकच राहिला," अण्णा म्हणाले.

आणि तिथेच मी अडकले. जत्रेत शेंगेच्या टरफलाचा एक कण माझ्या पोटात शिरला होता आणि नेमका त्याच पानावर त्याने ओरखडा काढला होता. यंत्राने कुरकुर केली आणि पडद्यावर लिहून आलं की वाचता येत नाही. अण्णांनी मला काढलं, माझं पत्र्याचं झाकण दोनदा मागेपुढे केलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. मला माझीच चीड आली. ज्या एका कामासाठी मला घडवलं तेच मला होऊ नये?

"स्वल्प थांबा अण्णा, घाई करू नका," कस्तुरी म्हणाली. "जरा विसावू द्या तिला."

तिसऱ्या खेपेला मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं. एकेक ओळ करत अर्धा फोटो उतरला. खालचा अर्धा राखाडीच राहिला. वरच्या अर्ध्यात एक निळा टेम्पो होता, त्यात रिकाम्या पोत्यांना टेकून बसलेलं हिरवं लुगडं आणि पांढरं डोकं. टपावर कन्नड अक्षरांची पिवळी पाटी.

"आई!" उपेंद्र ओरडला. "काय लिहिलंय त्यावर? ताई, वाचा ना!"

अक्षरं हललेली, एकात एक गेलेली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, मान हलवली. कस्तुरी मात्र पडद्याशी नाक लावून बसली. पहिलीच्या चाळीस पोरांचं वेडंवाकडं लिहिणं रोज वाचणारी बाई ती. बोटाने हवेत गिरवत तिने एकेक अक्षर सोडवलं. एका वाडीचं नाव, आणि खाली मागडी तालुका.

अण्णांच्या फियाटमधून तिघे निघाले. मला उपेंद्रने सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. त्याची छाती इतकी धडधडत होती की मी खिशात हलत होते. आई तिथे उतरली असेल की वाटेतच? गोळीशिवाय एक दिवस गेला होता.

वाडीतल्या पहिल्याच घरी विचारलं आणि एका पोरीने बोट दाखवलं. ओसरीवर दोन बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. एक शेंगावाली अक्का, दुसऱ्या सोयराबाई. आदल्या दिवशी टेम्पो रिकामा होऊन आणखी शेंगा न्यायला गावी परतला, तेव्हा पोत्यांआड झोपलेली म्हातारी ड्रायव्हरला दिसलीच नव्हती. गावात कोणाला तिचं बोलणं कळेना, फोन नाही. अक्कांनी तिला जेवू घातलं, आपल्याजवळ निजवलं, आणि आज दुपारच्या खेपेला परत जत्रेत नेऊन पोलिसांकडे सोपवणार होत्या. कस्तुरीने कन्नडमध्ये आभार मानले, तर अक्का तिलाच रागावल्या: म्हातारं माणूस असं सांभाळतात का?

उपेंद्रने आईला गोळी दिली. "आई, तू टेम्पोत कशाला जाऊन बसलीस? माझ्याजवळ का नाही थांबलीस?"

सोयराबाईंच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला फार लागलं.

"तूच तं म्हनलं ना बापा, आई, फोटोत येऊन राह्यली तू, बाजूले हो म्हून. मंग झाली मी बाजूले. तू बलावशीन म्हून वाट पाह्यली. ऊन लय होतं, म्हून गाडीत बसली."

उपेंद्र तिथेच जमिनीवर बसला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याने जत्रेत एकोणीस फोटो काढले होते, एकाहून एक सुबक. त्यांतल्या एकातही आई नव्हती.

ओरखड्यामुळे मी पुढे क्लबच्या कामाची उरले नाही. उपेंद्रने मला घरी नेलं. आता कोणत्याही यंत्रात मला शिरायला फट नाही, आणि मी त्याच्या टेबलाच्या खणात पडून असते. त्याची मुलं मधूनच विचारतात, हे काय आहे, फेकू का? तो नाही म्हणतो.

मित्रांनो, तुमच्याकडे हजारो फोटो असतात, ते पुसावेच लागणार. पुसा, पण पुसण्याआधी एकदा नीट बघा, वाईटातला वाईट फोटोसुद्धा. आणि फोटोसाठी कोणाला बाजूला व्हायला सांगितलंत, तर फोटो झाल्यावर त्या माणसाला परत हाक मारा. ते माणूस वाट पाहत उभं असतं.