शुद्धिपत्रासकट

आई जायच्या आदल्या दिवशी मायलेकी एका मांजरावरून भांडत होत्या. मांजर शेजारणीचं होतं आणि आईच्या ब्लॉगवर ते पांढरं होतं.

"करडं आहे ते," आई म्हणाली. "शेजारणीने जिन्यात अडवून सुनावलं मला. खाली कॉमेंटमध्ये लिही. वरील लेखात मांजर पांढरे म्हटले आहे, ते करडे आहे. चूक लेखिकेची."

"अगं, मी लेखातच बदलते ना. एक शब्द तर आहे!"

"छापलेलं खोडायचं नसतं. शुद्धिपत्र जोडायचं असतं."

आईचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. दुसऱ्यांच्या चुका ती छपाईआधी पकडायची. स्वतःच्या मात्र चारचौघांत कबूल करायची. त्यामुळे तिचा प्रत्येक लेख दुमजली होता. वर लेख, खाली तिच्याच कॉमेंट्स. काही ठिकाणी तर तळमजलाच मोठा.

"आणि आपलं बिऱ्हाड कधी हलवायचं? महिनाअखेरीला ते दुकान बंद होतंय म्हणे."

"दुकान नाही गं, वेबसाइट. रविवारी येते. एका बैठकीत नव्या जागी नेऊन ठेवते तुझा ब्लॉग."

"तू आणि तुझा रविवार," म्हणत आई चष्मा पुसायला आत गेली.

रविवारी घर माणसांनी भरलं होतं, आणि बोलत सगळे हळू आवाजात होते. ब्लॉगचं नाव कोण काढणार?

माणसं पांगली तेव्हा महिनाअखेर तोंडावर आली होती. लेक आईच्या टेबलाशी बसली. नव्या वेबसाइटवर 'सगळं आणा' असं बटण होतं. तिने ते दाबलं. लेख आले. फोटो आले, आडवे झाले पण आले. कॉमेंट मात्र एक नाही. त्यांच्या जागी सूचना: एकाच व्यक्तीने स्वतःच्याच लेखांवर इतक्या कॉमेंट्स केल्या आहेत, हे संशयास्पद वाटल्याने त्या रोखून ठेवल्या आहेत.

तिने कपाळावर हात मारला. "हिला बनावट ठरवलं! हिला!"

"ताई, राहू दे ना," धाकटा भाऊ दारातून म्हणाला. "लेख आले की. खालचं कोण वाचतं?"

"खालचं वाचल्याशिवाय वरचं खोटं आहे. वर आत्या चिडखोर आहे. खाली आईने लिहिलंय, नणंद चिडखोर नव्हती, त्या दिवशी मीच चिडले होते. खालचं गेलं तर आत्या कायमची चिडखोर."

"आहेच ती."

तिला हसू फुटलं, आणि हसल्याचा रागही आला.

मग तिने एकेक कॉमेंट हाताने उतरवून पाहिली. प्रत्येकीखाली तिचं स्वतःचं नाव आणि आजची तारीख उमटायला लागली. शुद्धिपत्र लेकीच्या नावाने? आईने पानच परत पाठवलं असतं. तिने सगळं पुसलं आणि मदतकेंद्राला फोन लावला.

"खातेदाराशी बोलावं लागेल, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "त्यांनी होकार दिला की लगेच सोडते कॉमेंट्स."

"त्या... बाहेर गेल्यात."

दुसऱ्या दिवशी फोनवर एक दादा होते. ये रे माझ्या मागल्या, पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी पुन्हा तेच, खातेदाराला फोन द्या.

"झोपल्यात त्या."

त्यानंतरच्या फोनला तिने आईचा घसा बसवला. भाऊ बघतच राहिला.

"ताई, सरळ सांगून मोकळी हो ना."

"तू तुझं काम कर."

नातेवाइकांना फोन त्याने केले होते. तिच्या ऑफिसलाही त्यानेच कळवलं होतं. दारात आलेली माणसं आधीच ऐकून आलेली असायची. ती बोलायची आणि ही मान हलवायची. वाक्य सगळ्यांनी उच्चारलं होतं, तिच्याशिवाय.

शेवटच्या दुपारी तिने पुन्हा फोन लावला. नेमकी पहिलीच मुलगी.

"मॅडम, मला इथे सगळी नोंद दिसते. तुम्ही दर वेळी नवीन सांगता. बाहेर गेल्यात, झोपल्यात, घसा बसलाय. आज संध्याकाळी जुनी वेबसाइट बंद झाली की आम्हाला काही पडताळता येणार नाही, रोखलेलं सगळं आपोआप पुसलं जाईल. खातेदार बोलू शकत असतील तर फोन द्या. नसतील, तर वारसांसाठी वेगळी सोय आहे. पण ते तुम्ही सांगायला हवं. मी तुमच्या तोंडी शब्द घालू शकत नाही."

भावाने हात पुढे केला. "दे इकडे, मी सांगतो."

तिने पाठ फिरवली. समोर पडद्यावर आईचे लेख ओळीने उभे होते, प्रत्येकाखाली 'शून्य कॉमेंट्स'.

"मॅडम? ऐकताय ना? खातेदार कुठे आहेत?"

"किती वेळा विचाराल तेच तेच!" ती केवढ्याने तरी ओरडली. तिने श्वास घेतला.

"नाहीये ती," ती म्हणाली. "माझी आई वारली."