‘ज’च्या पानावरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका आईने मला आपल्या पाचवीतल्या मुलासाठी घेतलं. वैतागली की ती त्याला ‘राजे’ म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले.

"राजे, रोज दहा शब्द. फक्त दहा!" ती मशीनवरून ओरडायची.

"वाचतो गं," म्हणत राजे मला उचलायचे आणि वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला टेकू लावायचे. माझ्यावर चढून त्यांनी माळ्यावरचा खाऊ काढला, मला आपटून अक्रोड फोडले. माझ्यात अडतीस हजार शब्द. राजांना कळलं ते फक्त माझं वजन! शिक्षक म्हणायचे, "डोकं चांगलं आहे, पण वाचायचा कंटाळा." याचाच तर मला जास्त संताप यायचा. शेवटी आईनेही हात टेकले.

राजे मोठे झाले. रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळू लागले. लग्न झालं, मुलगी झाली. अवघड शब्द आला की अंदाजाने निभावून न्यायचे. कुणाला विचारायची लाज वाटायची.

एका दुपारी नव्या रसायनाचं पिंप आलं. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘ज्वालाग्राही’. राजांनी वाचलं. अर्थ लागेना. रसायनाचं नाव असेल, असं समजून त्यांनी पिंप मोकळ्या कोपऱ्यात ठेवलं. शेजारीच वेल्डिंग चालू होतं. ठिणगी उडाली आणि भडका झाला. वेल्डरला ओढून बाहेर काढताना राजांचे दोन्ही हात भाजले. वेल्डर वाचला, एवढंच नशीब.

हॉस्पिटलमधून घरी येताच त्यांनी मुलीला मला शोधायला लावलं. मी कपाटाच्या मोडक्या पायाखाली होतो.

"‘ज’ काढ," राजे म्हणाले. हातांना पट्ट्या होत्या, म्हणून पानं तिनेच उलटली.

"सापडला, बाबा! ज्वालाग्राही, म्हणजे चटकन पेट घेणारं."

"एवढंच?"

"हो. एकच ओळ आहे."

राजांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते रडत होते.

आता ते रोज एक पान वाचतात; मुलगी उलटून देते. पण या वयात शब्द टिकतात कुठे? आज सकाळी तीनदा घोकलेला शब्द त्यांनी दुपारी तिला पुन्हा विचारला. दहाव्या वर्षी हाच शब्द एका वाचनात डोक्यात बसला असता! मला त्यांची कीव येते, आणि रागही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडला असेल. त्याला खाली काढा. आत्ता! माझी कहाणी विसरलात तरी चालेल.