खालचे चार

माझ्या तोंडात अकरा दात उरले होते, आणि त्यांचं काय करायचं यावर माझा मुलगा आणि दातांची डॉक्टरीणबाई माझ्या डोक्यावरून बोलत होते. खरोखरच डोक्यावरून. मी खुर्चीत आडवी, तोंड आ वासलेलं, डावीकडे तो, उजवीकडे ती.

"सगळेच काढून टाका," बाळ म्हणाला. "एकदाचं उरकेल. मग वर-खाली पूर्ण कवळी बसवू."

बाळ म्हणजे एक्कावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, विम्याच्या कचेरीत वीस माणसांचा साहेब. घरात अजून बाळच. त्याला उरकण्याची भारी हौस. कुणाचं आजारपण असो की भिंतींना रंग द्यायचा असो, हा फोनवरून उरकतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर म्हणायचं, बघ आई, किती सोपं होतं.

"शिरेतून औषध देऊ, म्हणजे गुंगी येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण हात हलका. "आजींना काही कळणारसुद्धा नाही."

मी त्यांचा हात बाजूला सारला आणि उठून बसले. "का? कळायला नको कशाला? तोंड माझंच आहे ना?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच बोलतोय आम्ही."

झोपवून केलेलं भलं मी माझ्या ताईच्या बाबतीत पाहिलं होतं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नऊ दात घेऊन झोपली आणि एकही न घेता उठली. मुलांनी परस्पर ठरवलं होतं. वरची कवळी बसली, खालची काही केल्या बसेना. बोलताना उडायची, खाताना टोचायची. शेवटी कवळी पेल्यात पडून राहिली आणि ताई दुधात भिजवलेल्या पावावर आली. आठ वर्षं. जी हसायला लागली की शेजारचे दार उघडून बघायचे, ती फोटो काढताना तोंडावर हात धरायला लागली. मला तेव्हा तिचाच राग आला होता. एकदा तरी ओरडायचं होतंस, असं मी तिला म्हटलं होतं. गुंगीतलं माणूस ओरडणार कसं, हे मला सुचलं नाही, आणि आता माफी मागायला ती नाही.

"गुंगी नको," मी म्हटलं. "हिरडीत इंजेक्शन द्या, तेवढं पुरे. मला जागं राहायचंय. आणि खालचे पुढचे चार दात काढायचे नाहीत. ते चांगले आहेत."

"तुम्हाला कसं कळलं आजी?"

कसं कळलं म्हणजे! मी चौतीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात तपासणीला होते. भट्टीतून निघालेला कप डाव्या तळहातावर घ्यायचा आणि लाकडी काडीने त्याला टिचकी मारायची. शाबूत कप ठणकन बोलतो. तडा गेलेला बद्द वाजतो. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला ऐकू येतो. एकदा मुकादम म्हणाला, गाडी थांबलीय, फार चोखंदळपणा नको, सगळे पास कर. मी त्याला त्याच ढिगातल्या एका कपात गरम चहा ओतून दिला. मांडी भाजल्यावर त्याला माझं म्हणणं पटलं. तर हे असं माझं काम. आता रोज सकाळी चहा झाला की मी चमच्याच्या दांड्याने माझे दात वाजवून बघते. वरचे पाच बद्द. मागच्या दोन दाढा बद्द. खालचे चार बोलतात.

हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. "बघू," म्हणाल्या. बघू म्हणजे नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मंगळवारी दहाला बोलावलं होतं. नर्सबाईंनी माझ्या गळ्यात कागदी फडकं अडकवलं.

"किती काढायचेत?" मी विचारलं.

त्यांनी फाईल पाहिली. "अकरा."

मी बाळाकडे पाहिलं. बाळ पंख्याकडे पाहत होता. शनिवारी कचेरीतून येता येता तो एकटाच इथे येऊन सगळं ठरवून गेला होता.

"आई, आता चार ठेवून काय करणारेस? उद्या तेही हलायला लागतील. परत रजा, परत दवाखाना."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळायचं."

"झालं तुझं सुरू."

डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "आधी हलणारे सात काढू आजी. पुढचं पुढे बघू."

उठून जावं असं वाटलं. पण वरची मुळं तीन दिवस ठसठसत होती, आणि भांडायचं तरी कुणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ. मी मान मागे टेकली. सात द्यायला मी तयार होते. चार देणार नव्हते.

सुई टोचली तशी झणझणली. पाच-सात मिनिटांत ओठ परके झाले, हनुवटी कुणी उसनी आणून लावल्यासारखी वाटायला लागली, जीभ जड पडली. दुखत काहीच नव्हतं, पण कळत सगळं होतं. चिमट्याची पकड कळत होती, आतली कुरकुर कवटीत ऐकू येत होती. दात निघाला की स्टीलच्या ताटलीत पडायचा. मी मोजत होते. सातवा पडला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कापूस कोंबला, चिमटा बदलला आणि खालच्या ओठाला बोट लावलं.

मी हात वर केला. नको म्हणायला गेले, पण त्या जड जिभेने आणि कापसाने नुसता घोगरा आवाज निघाला.

"दुखतंय का आजी?"

मी नाही म्हणून मान हलवली. दुखत नव्हतं, खोटं कसं सांगू?

"दुखत नाहीये ना, मग होऊ दे," बाळ मागून म्हणाला. "चारच तर राहिलेत."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बरं, ओरडायचीही सोय नाही. मग मला जे येत होतं ते मी केलं. तोंड मिटलं.

ओठ बधिर असल्याने नीट मिटलंय की नाही ते समजेना. मी हाताने चाचपून पाहिलं. मिटलं होतं.

"आजी, तोंड उघडा."

मी छताकडे पाहत राहिले.

"आई, उघड ना. डॉक्टर खोळंबल्यात."

खोळंबू देत. आयुष्यभर मला लोक तोंड मिट म्हणून सांगत आले. सासूने सांगितलं, मुकादमाने सांगितलं, ह्याच्या बापानेही सांगितलं. आज पहिल्यांदा मिटलं तर ह्यांना उघडायला हवंय.

बाळ खुर्चीला वळसा घालून समोर आला. "लहान मुलासारखं काय करतेस?" लहान मूल कसं करतं ते मला विचारा. कडू औषध पाहिलं की हाच असं तोंड मिटून बसायचा, आणि मी त्याचं नाक दाबायचे. नाक दाबलं की तोंड उघडतं. मी त्याच्या हातांवर नजर ठेवली.

बाहेर कुणीतरी खोकलं. घड्याळात दहा मिनिटं सरली. बाळ आधी रागावला, मग समजावायला लागला, मग त्याचा आवाज बसला. "आई, तुला हवंय तरी काय?" त्याने विचारलं. ह्या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता.

मी ताटलीतला तोंडात घालायचा लहान आरसा उचलला, उलटा धरला आणि दांडा डॉक्टरीणबाईंपुढे केला. मग बोटाने खालचा ओठ ओढून दात दाखवले. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नवे हातमोजे चढवले.

पहिला. ठण. हिरडी मेलेली, ओठ मेलेला, तरी आवाज हाडातून सरळ कानात आला. दुसरा ठण. तिसरा ठण. चौथा बद्द.

त्यांनी पुन्हा वाजवला. बद्दच.

खरं सांगायचं तर हा चौथा महिनाभर कमीच बोलत होता. मी कानाडोळा केला होता. चौतीस वर्षांत जे केलं नाही ते मी स्वतःच्या तोंडात केलं होतं; तडा गेलेला माल पास केला होता. लाज वाटली. मी त्या दातावर बोट ठेवलं आणि ताटलीकडे दाखवलं. हा घ्या.

डॉक्टरीणबाईंनी एक्सरे दिव्यापुढे धरला आणि बराच वेळ पाहिला. "बरोबर आहे. याचं मूळ गेलंय. बाकीचे तीन पक्के आहेत. खालची कवळी त्यांच्या आधाराने उलट चांगली बसेल."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" बाळ म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही म्हणालात, एकदाचं उरकून टाका." मग त्या माझ्याकडे वळल्या. "माझंही चुकलं आजी. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

मी तोंड उघडलं. आठवा ताटलीत पडला.

नर्सबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. अकराच्या जागी आठ करून पुन्हा सही लागणार होती. सवयीने त्यांनी कागद बाळापुढे धरला आणि त्याने सवयीने खिशातलं पेन काढलं. मी दोन्ही काढून घेतलं आणि चष्मा मागितला.

वर माझं नाव होतं. खाली बाळाची सही. तिच्याखाली छापलं होतं: रुग्ण स्वतः सही करू शकत नसल्यास कारण. त्यापुढे बाळाच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता. वय.

मी दोनदा वाचला. आठ दात निघताना जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते तेव्हा आलं. रागाचं होतं, आणि दुःखाचंही होतं. ह्या मुलाला मी अक्षर गिरवायला शिकवलं होतं.

मी अकरा खोडून आठ केले. मग वय खोडलं. त्याजागी दुसरं काही लिहिलं नाही. खाली सही केली, पूर्ण नावाची, रकान्यात मावली नाही एवढी, आणि कागद बाळापुढे धरला.

त्याने वाचला. माझ्या तोंडात कापूस होता, जीभ अजून जड होती, मला बोलता येत नव्हतं. त्याला कुणी इंजेक्शन दिलं नव्हतं, तरी तोही काही बोलला नाही.