'घर' सोडून लेफ्ट झाला

मी विहिरीवरचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या खिशातला फोन बोलतोय. नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही.

कुठं जन्मलो, आठवत नाही. पांढरा उजेड अन् हातमोजे घातलेली बोटं, एवढंच. आता मालकाच्या छातीपाशी राहतो. ग्रीसचा वास, खाली धडधड. दुपारी तो विहिरीच्या काठावर लवंडला की मलाही गुंगी येते. वाटतं, आपण पाण्याच्या तळाशी पडलोय अन् वरून उजेड झिरपतोय.

त्या गुंगीत व्हॉट्सॲपचे ग्रुप घुसायचे. पाइपवाल्यांचा, जुन्या वर्गाचा, कुणाच्या तरी साडूचा. विचारलं का कुणी? फुलंच फुलं, सुप्रभातच सुप्रभात. पोट फुगून माझा जीव जायचा.

त्यात मालकाचा थोरला भाऊ. आईनं कुणाकडं राहायचं, यावरून दोघांचं वाजलं. आई थोरल्याकडं राहिली, बोलणं बंद. तरी तो मालकाला 'घर' नावाच्या ग्रुपात टाकायचा. हा रागानं लेफ्ट. तो परत टाकायचा, हा परत लेफ्ट. सगळ्या पाहुण्यारावळ्यांत तमाशा.

एकदा आईचाच फोन आला.

"तू घर सोडलंस म्हणे?"

"अगं, घर नाही, ग्रुप सोडला!"

"मला वाचून दाखवलं ना. लेफ्ट झाला. नाव तर घरच लिहिलंय."

अन् म्हातारी रडायला लागली. मालक हातातला पाना टाकून उठला.

घरी सगळं ऐकून बायकोनं मला हिसकावलं. सेटिंगात जाऊन कायतरी दाबलं. "आता तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी आत ओढणार नाही. बसा गप."

काय शांतता होती! मी पार तळाशी गेलो.

मग एका दुपारी थोरल्याकडून 'घर' ग्रुपात यायचं बोलावणं आलं. सगळ्यांसमोर नाही, एकट्या मालकाला. खाली लिहिलेलं, 'तुला आता विचारावं लागतंय. येतोस का?'

मालकानं घरी जाऊन मला बायकोपुढं धरलं.

"आजवर कधी विचारलं होतं का यानं?"

"आज विचारलंय ना?" बायको म्हणाली. "मग?"

त्याचा अंगठा ग्रुपात शिरायच्या बटणापाशी गेला. दाबला नाही. त्यानं सरळ फोनच लावला.

"दादा, ग्रुपात नको. मी घरीच येतो. आईला सांग."

माणसांनो, कुणाला आत घ्यायचं तर आधी विचारत जा रे. विचारायला काय जातं तुमचं?

माझ्या काचेवर त्याच्या अंगठ्याचं ग्रीस तसंच आहे. सगळं धूसर दिसतं, पाण्यातून दिसावं तसं. पुसू नका. राहू द्या.